कासिमीरा मावशीची तारीख

आमच्या घरात भांडण झालं नाही असा एक दिवस दाखवा, मी एर्लिंदा बाएसा हे नाव लावायचं सोडून देईन. त्यामुळे त्या शनिवारी नदीकाठच्या कँपवर तंबू ठोकता ठोकता माझा भाऊ चोन आणि माझी मुलगी येसेनिया यांची जुंपली, यात नवल काहीच नव्हतं. चोन म्हणे तंबू झाडाखाली लावा, येसेनिया म्हणे झाडाखाली रानडुकरं येतात. माणसं तेवीस, तंबू सहा आणि मतं तीस. मी टेक्सासमधल्या ओडेसाच्या शाळेत साडेचारशे पोरांचा स्वयंपाक करते, पण तिथंसुद्धा इतका गलका नसतो.

आई मात्र कशातच नव्हती. गाडीतून उतरली ती काठी टेकत थेट पाण्याकडे निघाली.

"अगं आई, आधी चार घोट पाणी तरी पी," मी ओरडले.

"नदीच बघायला चाललेय, पाणी काय पाजतेस," ती म्हणाली आणि मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

तिचा जीव पलीकडच्या काठावर होता. अलीकडचा काठ नॅशनल पार्कचा, म्हणजे अमेरिकेचा, आणि पलीकडचा मेक्सिकोचा. मध्ये पाणी ते केवढं, तीस-चाळीस पावलांचं. पूर्वी होडीवाला दहा मिनिटांत इकडून तिकडं करायचा. कासिमीरा मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, आम्ही इथं आलो की सकाळी होडीनं यायची, आमच्यात जेवायची आणि दिवस कलायच्या आत परत जायची. मग सहा वर्षांपूर्वी सरकारनं ये-जा बंद केली. पलीकडे पाऊल टाकून परत आलात तर दंड, कदाचित तुरुंगही. तेव्हापासून दर वर्षी वसंतात आम्ही सगळे इथं कँप टाकतो, आणि मावशी तिच्या गावाहून, मूस्कीसहून, नातवाच्या ट्रकमध्ये हाडं खिळखिळी करून घेत सहा तासांनी पलीकडे येते. मग दोघी म्हाताऱ्या दोन काठांवर बसून दिवसभर एकमेकींवर ओरडतात. गुडघे, जावई, मका, कोण मेलं, कोणाला काय झालं, सगळं. अख्ख्या कँपला ऐकू जातं. लाज नाही दोघींना.

या वर्षी आईला बघायची घाई जास्त होती. गेल्या हिवाळ्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर चांगलं झालं म्हणाले, पण ब्याऐंशी वर्षांच्या बाईला चांगलं म्हणजे किती चांगलं, ते कोण सांगणार? मावशी सहा वर्षांनी मोठी. पुढच्या वर्षी दोन्ही काठ भरलेले असतील याची खात्री कुणाला नव्हती, फक्त बोलत कुणी नव्हतं.

तारीख पत्रानं ठरायची. मावशीला लिहिता येत नाही, तिच्यासाठी गावचे पाद्री लिहायचे. त्यांचं अक्षर असं की महिन्याचं नावसुद्धा वेलबुट्टी काढून लिहिलेलं. या वर्षी ते बदलून गेले म्हणून पत्र नातवानं लिहिलं. आईला वाचता येत नाही, ते येसेनियानं वाचलं. "मे महिन्याची चार तारीख, आजी," ती म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी तिनं मोठ्या कँपची जागा धरून टाकली. गुणाची पोरगी. मी मनातल्या मनात तिला शाबासकीही दिली.

रविवारी, चार तारखेला, सूर्य उगवायच्या आत आई काठावर खुर्ची टाकून बसली. नवी ओढणी, केसांना तेल, मांडीवर दुर्बीण. पलीकडे कुणीच नव्हतं. आठ वाजले, नऊ वाजले. चोननं गॅसवर नांगराची थाळी चढवली. आमच्याकडे नांगराची गोल पात झिजली की टाकत नाहीत, तिच्यात मांस, मिरच्या, कांदा सगळं एकत्र परततात. वास सुटला, पोरं गोळा झाली, पण आईनं मान हलवली नाही.

"येईल गं, ट्रक रस्त्यात बसला असेल," मी म्हणाले.

"कासिमीरा बसलेला ट्रक ढकलत आणील, पण उशीर करणार नाही," आई म्हणाली.

साडेनऊला पलीकडून ताचो घोड्यावर आला. हा तिथल्या गावचा, पूर्वी होडी चालवायचा. आता तारेचे शोभेचे विंचू वळून विकतो. आम्हाला बघून तो असा थबकला, जणू भूतच बघितलं. मग दोन्ही हात तोंडापाशी नेऊन ओरडला, "आजीबाई! तुम्ही आत्ता इथं काय करताय?"

"बहिणीची वाट बघतेय! काय करणार दुसरं!"

"ती येऊन गेली की! गेल्या महिन्यात! पाच तारखेला! दोन दिवस बसली इथं, या दगडावर!"

मी येसेनियाकडे हात पुढे केला. "पत्र दे."

पत्र तिच्या पर्समध्येच होतं. त्यात नातवाच्या गिचमिड अक्षरात एवढंच होतं: 5/4.

"पाचवा महिना, चार तारीख," येसेनिया म्हणाली. म्हणता म्हणताच तिचा चेहरा उतरला.

"पाच तारीख, चौथा महिना," मी म्हणाले. "ते लोक तारीख आधी लिहितात, बाई. आपण महिना आधी लिहितो."

पोरगी ओडेसात जन्मली, ओडेसात शिकली. पहिलीपासून तिला महिना आधी लिहायला शिकवलं. तिचं काय चुकलं? आणि मी? मी पलीकडची. सतरा वर्षांची होईपर्यंत मी स्वतः तारीख आधी लिहायचे. ते पत्र तीन महिने आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं. रोज त्याच फ्रिजमधून दूध काढत होते आणि एकदाही मान वर करून बघितलं नाही. येसेनियाला दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं खरं, पण हात उचलायचा तर आधी स्वतःच्याच थोबाडीत मारायला हवी होती.

आईला सगळं सांगितलं. ती रडली नाही, कुणाला बोललीही नाही. नुसती त्या पलीकडच्या दगडाकडे बघत राहिली.

"दोन दिवस," ती म्हणाली. "अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, दोन दिवस, त्या दगडावर. आणि तिला वाटलं असेल, एलोदिया आली नाही."

मग ती उठून उभी राहिली आणि ताचोला म्हणाली, "तुमच्या गावच्या दुकानात बोलायचा रेडिओ आहे ना? मूस्कीसला सांग. म्हणावं, तारखेचा घोळ झाला. एलोदिया आलीय, तू ये."

ताचो घोडा वळवून गेला. दीड तासानं परत आला तो खालमानेनं.

"बोलली का?"

"बोलली, आजीबाई. म्हणाली, म्हातारीची थट्टा करू नका. आणि रेडिओ बंद केला."

"झालं," चोन म्हणाला. "रागावली. मावशीचा राग म्हणजे दगडावरची रेघ. आई, आता काही ती येत नाही. चल, दोन घास खाऊन घे."

मलाही तसंच वाटलं. मावशीनं एकदा सख्ख्या दिराशी नऊ वर्षं अबोला धरला होता, तोही एका कोंबडीवरून. इथं तर तिला दोन दिवस उन्हात बसवलं होतं. पण आई परत खुर्चीत बसली आणि काठी आडवी मांडीवर घेतली.

"ताचो," ती म्हणाली, "परत जा. म्हणावं, एलोदिया काठावर बसलीय. कासिमीरा येईपर्यंत ती उठणार नाही. एवढंच सांग."

"आजीबाई, ऊन बघा केवढं..."

"तुला ऊन लागतंय की मला? जा."

ताचो बिचारा पुन्हा गेला. या वेळी मावशी रेडिओवर आलीच नाही. नातू म्हणाला, सांगतो तिला, पण आशा धरू नका.

रविवारी दुपारनंतर बाकीचे सगळे निघाले. कामं होती, शाळा होत्या. एकेकानं येऊन आईचा आशीर्वाद घ्यावा, एकेकानं समजवावं, आणि आईनं प्रत्येकाला "सांभाळून जा" एवढंच म्हणावं. उरलो चौघं: आई, मी, येसेनिया आणि चोन. चोन उरला कारण आईला त्याच्याच पिकअपमधून न्यायचं होतं, आणि मंगळवारी पहाटे त्याला तेलविहिरीवर हजर व्हायचं होतं. त्याच्या कपाळावरची आठी मिटेना.

येसेनिया सकाळपासून आईच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. मी म्हणाले, "खुर्चीला बांध की ती छत्री."

"नको," ती म्हणाली. "मी धरते."

प्रायश्चित्त ज्याचं त्यानं करावं.

सोमवारी अकराला जागा सोडायची होती. साडेदहाला पार्कची रेंजर आली, विटलॉक नावाची. चेहरा उन्हानं रापलेला, स्पॅनिश मोडकंतोडकं पण मन लावून बोलणारी. पक्षी बघणाऱ्यांची एक मंडळी येणार होती, त्यांना ही जागा दिलेली.

"तंबू काढावे लागतील," ती म्हणाली. "आजींना मात्र काठावर बसायचं तर बसू देत. काठ कुणी भाड्यानं घेत नाही. संध्याकाळपर्यंत बसा."

चोन आणि मी तंबू उतरवले. मग चोन काठावर गेला. "आई, ऊठ. झालं तेवढं पुरे. मावशी येणार नाही."

"मग तू जा."

"तुला इथं टाकून जाऊ?"

"एर्लिंदा आहे, येसेनिया आहे. नदी आहे."

"नदी आहे! नदी काय ओडेसाला सोडणार आहे तुला?" चोनचा पारा चढला. तो खाली वाकला आणि आईसकट खुर्ची उचलायला लागला. वीतभर उचललीसुद्धा. आईनं काठी त्याच्या नडगीवर अशी हाणली की पक्षी बघायला आलेले दोघंजण दुर्बिणी खाली करून आमच्याकडे बघायला लागले.

"पन्नाशीचा घोडा झालास," आई म्हणाली, "पण आईला उचलायची अक्कल अजून आली नाही. ऊठ म्हणणाऱ्यानं आधी त्या दगडावर दोन दिवस बसून दाखवावं. ती बसली. मी बसेन."

चोन नडगी चोळत पिकअपकडे गेला. मला वाटलं, गाडी सुरू करतो आता. पण तो मागचं झाकण उघडून त्यावर बसला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि म्हणाला, "मला नोकरीवरून काढलं तर तुझ्या शाळेत बटाटे सोलायला येईन, ताई."

"सोलता येतात का?" मी म्हणाले.

दुपारचे तीन वाजले. थर्मामीटरमधला पारा वरच्या टोकाला टेकला असावा, इतकं ऊन. आईचे ओठ सुकले होते, मी दर दहा मिनिटांनी तिला पाणी पाजत होते. मला भीती वाटायला लागली होती, खरं सांगते. तिचं ते शिवलेलं हृदय आणि हे ऊन. अजून एक तास, मग मीच तिला उचलणार, काठी बसली तर बसली, असं मी मनाशी ठरवलं.

आणि पलीकडे धूळ उठली.

ट्रक काठाच्या वर, उंचवट्यावर येऊन थांबला. नातू उतरला. ट्रकमध्ये मावशी होती. तिच्या अंगावर काळे कपडे, डोक्यावर काळी ओढणी. पण ती उतरेना. आमच्याकडे बघेसुद्धा ना. तोंड दुसऱ्या बाजूला, डोंगराकडे.

"आजी उतरत नाही!" नातू ओरडला. "सहा तास बसून आली आणि आता उतरत नाही!"

"बघितलंस?" चोन माझ्या कानाशी म्हणाला. "एवढ्या लांब येऊन पाठ दाखवतेय. काय हा राग!"

आईनं काही ऐकलं नाही. ती चपला काढत होती.

"आई, काय करतेस?"

"तिला इथून ऐकू जात नाही," आई म्हणाली आणि पाण्यात पाय टाकला.

"आई!" मी धावले. पण येसेनिया माझ्या आधी पाण्यात शिरली होती. तिनं छत्री फेकली आणि आईचा दंड धरला. चोन मागून बोंबलत आला, "अगं, हृदय! तुझं हृदय!" बुटांसकट तोही पाण्यात. मे महिन्यातली नदी, गुडघाभर, कुठं मांडीभर. पण तळाशी गोटे, आणि ब्याऐंशीचे पाय.

रेंजर काठावर आली होती. मी तिच्याकडे बघितलं.

"नदीच्या मध्यापर्यंत पार्क आहे," ती म्हणाली. "मध्यापर्यंत कुणीही पाण्यात पाय बुडवू शकतं. त्यापुढं गेलात तर मला दंड लिहावा लागेल. तो मला लिहायला लावू नका."

आई मध्यावर पोहोचून थांबली. पाणी तिच्या मांड्यांना लागत होतं. तिनं छातीत श्वास भरला आणि असं काही ओरडली की मी माझ्या सत्तावन्न वर्षांत तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"ए खेचरे! अगं ए, मूस्कीसचे खेचरे! इकडं तोंड कर!"

ट्रकमधली मान झटक्यानं वळली. मावशीनं दोन्ही हात खिडकीवर ठेवले आणि बघत राहिली. मग दार उघडलं. नातवाचा हात झिडकारून ती उताराला लागली, घसरत, दगडाला धरत, आणि तोंडानं शिव्यांचा नुसता पाऊस. "थांब तिथंच! पुढं येऊ नकोस! पोहता येतं का तुला? मरायचंय का? थांब म्हणते ना!"

ताचोनं तिला एका बाजूनं धरलं, नातवानं दुसऱ्या. ती पाण्यात उतरली, काळा झगा तिच्याभोवती फुगला. आईच्या समोर, हातभर अंतरावर ती थांबली. मला वाटलं, आता मारते. तिनं हात उचललाही. पण तो हात आईच्या गालावर ठेवला, मग कपाळावर, मग खांद्यावर, बाजारात भोपळा दाबून बघतात तसं तिनं आईला सगळीकडून दाबून बघितलं.

"तू आहेस," मावशी म्हणाली.

"मग कोण असणार?"

"ऑपरेशन झालं होतं तुझं. तुझी तारीख कधी चुकली नाही. मी दोन दिवस बसले. दुसऱ्या दिवशी माझी मीच म्हणाले, कासिमीरा, आता ती नाही. आणि तिच्या पोरांनी मला कळवलंसुद्धा नाही. मग हे रेडिओवर सांगतात, एलोदिया आलीय. मला वाटलं, म्हातारीची समजूत काढतायत. ट्रकमधून खाली बघायची छाती होईना गं. रिकामा काठ परत बघवला नसता मला."

म्हणजे तो राग नव्हताच. आणि काळे कपडे कुणासाठी, ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. ते आईसाठी होते. महिनाभर ती आईचं सुतक पाळत होती. माझे डोळे भरून आले, आणि मला रडताना चोननं बघितलेलं अजिबात चालत नाही, म्हणून मी वाकून तोंडावर पाणी मारलं.

येसेनिया आईचा दंड धरून उभी होती. "मावशीआजी," ती म्हणाली, "चूक माझी आहे. तारीख मी उलटी वाचली."

मावशीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तूच का ती शिकलेली?"

"हो."

"बरं," मावशी म्हणाली. "शिकलेल्यांकडून होतं असं." आणि तिचा कान धरला, पण सोडलाच नाही, कान धरूनच तिला जवळ ओढलं आणि तिच्या केसांचा मुका घेतला. येसेनिया हुंदके देऊन रडायला लागली.

आईचे पाय थरथरायला लागलेले चोनला दिसले. तो मागं गेला आणि कँपच्या दोन घडीच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन आला. एक आईमागं रोवली. दुसरी त्यानं ताचोच्या हातात दिली, ताचोनं ती मावशीमागं रोवली. दोघी बसल्या, आपापल्या देशात, कमरेएवढ्या पाण्यात, गुडघ्याला गुडघा लावून. रेंजर काठावर पाठ करून उभी राहिली आणि पक्षीवाल्यांना एक घार दाखवायला लागली. घार कुठंच नव्हती.

"माझ्यासाठी नऊ दिवसांच्या प्रार्थना घातल्यास?" आईनं विचारलं.

"घातल्या तर. नऊच्या नऊ."

"लोक आले होते?"

"अख्खी गल्ली. उभं राहायला जागा नव्हती."

"शेवटच्या दिवशी जेवायला काय केलंस?"

"डुकराचं लाल मिरचीतलं. दोन डुकरं लागली."

"दोन!" आई खूश झाली. "आणि एर्नेस्तीना आली होती? ती माझ्याशी बोलत नाही."

"आली. सगळ्यात मोठ्यानं तीच रडली."

आई हसायला लागली, आणि मावशीही, आणि दोघी इतक्या हसल्या की खुर्च्या कलंडतील म्हणून आम्ही मागून धरून ठेवल्या. हसता हसता मावशीनं डोक्यावरची काळी ओढणी काढली, ओली होती, पिळली, आणि डोळे पुसले. पांढरे केस मोकळे झाले.

"पण आता मी परत जाऊन त्या सगळ्या गल्लीला तोंड कसं दाखवू?" ती म्हणाली. "डुकरं खाल्ली त्यांनी. काय सांगू त्यांना?"

आईनं तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"सांग," ती म्हणाली, "आली. जरा उशीर झाला तिला."